ताठ मान

१२ जानेवारी

ताई,

पोचलो. प्रवासात शेजारच्या माणसाने काहीतरी विचारलं. त्याच्याकडे बघायला मला अख्खं अंग फिरवून बसावं लागलं, तर त्याला वाटलं मी भांडायलाच उठलोय. बिचारा पुढे तोंड उघडेना.

फोनवर तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. जेवणाच्या टेबलावर जे म्हणालो तेच परत सांगतो. या वेळी भाऊजींना टीव्हीचा आवाज वाढवता यायचा नाही.

भिंगरी सकाळी जिना कशी उतरते ते तू कधी बघितलंयस? तू तेव्हा खाली दुकानाचं शटर उघडत असतेस. मी तुमच्या बाहेरच्या खोलीत झोपत होतो, जिना समोरच. सतरा वर्षांची पोरगी दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी वळून, एकेक पायरी उतरत होती. मी जागा आहे हे बघून हसली. म्हणाली, "मामा, सकाळी मी गंजलेली असते. जरा हिंडले-फिरले की सुटते." आणि त्याच पोरीला संध्याकाळी मैदानावर अडथळ्यांवरून उड्या घेताना मी बघितलं. तिला भिंगरी नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण बरोबर ठेवलं.

हीच तर गोम आहे, ताई. दमून दुखत असेल तर ते झोपून उठल्यावर कमी व्हायला हवं. हिचं झोपल्यावर आखडतं आणि पळाल्यावर सैल होतं. तिच्या उजव्या पायाचं मधलं बोट बघ. मुळापासून टोकापर्यंत अख्खं फुगलंय. ती म्हणते बूट चावला. बूट कडेला चावतो, बोट सगळीकडून फुगवत नाही.

माझंही पाठीपासून सुरू झालं नव्हतं. आधी टाच. तेव्हा मी नवीनच बस चालवायला लागलो होतो, सगळे म्हणाले क्लच दाबून दुखते. मग गुडघा, मग कुल्ला, मग सकाळी उठताना पाठ. टाचवाल्याने टाच बघितली, गुडघेवाल्याने गुडघा, आणि प्रत्येकाने आपापल्या वाटणीच्या गोळ्या दिल्या. सगळं एकत्र बघणारी डॉक्टर भेटेपर्यंत माझी मान गेली होती. ती म्हणाली, "हा मणक्याचा संधिवात. पण मणक्याचा म्हणतात म्हणून तो तिथेच मुक्काम करतो असं नाही. खुबे, खांदे, गुडघे, टाचा, जिथे जिथे स्नायूची दोरी हाडाला बांधलेली असते, तिथे पेटतो." रक्ताच्या नात्यात उतरू शकतो म्हणाली. आणि लहान वयात जडला तर बरेचदा पायांपासून सुरुवात करतो, पाठीवर नंतर येतो.

तिला संधिवाताच्या डॉक्टरकडे ने. हाडवाल्याकडे नको, तिच्या मैदानावरच्या सरांच्या ओळखीच्याकडे तर नकोच. माझं चुकीचं निघालं तर मला हवं ते बोल.

तुझा
खांब

(डेपोत मला हेच म्हणतात आता. भिंगरीला फार आवडलं.)


२६ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. गणवेशांचं काम डोक्यावर आहे, काज-बटणवाली बाई सोडून गेली, तरी मशीन थांबवून लिहायला बसलेय. म्हणजे कळेल तुला किती राग आलाय.

आठ दिवस राहिलास, खाल्लंस, प्यायलास, आणि जाताना माझ्या पोरीच्या अंगात रोग शोधून गेलास. तुला सगळीकडे तोच दिसतो. बाबा म्हातारपणी वाकले तर तू म्हणालास, त्यांनाही तेच होतं. आता भिंगरीला. उद्या दुकानातल्या पुतळ्याची मान वळत नाही म्हणून त्यालाही डॉक्टरकडे ने म्हणशील.

तिच्या टाचेचा आणि कंबरेचा एक्स-रे काढलाय. स्वच्छ आहे. सर म्हणाले, अडथळ्यांची शर्यत पळणाऱ्या सगळ्या मुलींची टाच दुखते. नवे बूट घेतलेत. बोटावर बर्फ लावतो. एप्रिलमध्ये शिबिरासाठी निवड आहे. सर म्हणतात यंदा ती नक्की जाणार. गेली तर पुढचं शिक्षण, राहणं, सगळं शिबिरवालेच बघतात. मला या मशीनशिवाय काही जमलं नाही. तिचं तरी होऊ दे.

तुझं वाईट झालं, मला कळतं. पण तुझी मान वळत नाही म्हणून सगळ्यांनीच समोर बघून चालायचं का?

एक स्पष्टच लिहिते. निवडीच्या दिवशी यायचं म्हणत होतास, तू येऊ नकोस. सरांनी तुला बघितलं आणि विचारलं हा कोण, तर मी काय सांगू? एकदा शंका आली की ते दुसऱ्या मुलीकडे वळतात, मी बघितलंय.

तब्येत सांभाळ. भिंगरीला यातलं काही लिहू नकोस.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

नाही येणार. तुझी मान खाली जाईल असं काही करणार नाही. माझी तर घालायची म्हटली तरी खाली जात नाही. साऱ्या डेपोत मीच एकटा ताठ मानेने जगतो.

मला बसवरून कसं उतरवलं ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. अपघात वगैरे काही नाही. तपासणीवाला साहेब माझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याकडे बघा." मी सीटवरून अर्धा उठलो, कंबरेतून वळायला गेलो, खुबाही अडला. तो म्हणाला, "राहू द्या." आवाजात राग नव्हता, दयाच होती. त्या दिवसापासून मी खिडकीमागे बसून कुठली गाडी कुठून सुटते ते भोंग्यावर सांगतो. सकाळी मोजे घालायला एक आकडीची काठी केलीय. खुर्ची उंच लागते. हात डोक्याच्या वर जात नाही, त्यामुळे वरच्या फळीवर मी काही ठेवतच नाही. पाठीचा आजार म्हणे!

एक्स-रे माझेही स्वच्छ होते. कितीतरी वर्षं. तो फोटो झालेली मोडतोड दाखवतो, लागलेली आग दाखवत नाही. आग दिसायला वेगळा फोटो असतो, आणि तो काढायला सांगणारा वेगळा डॉक्टर.

मी तिचं पळणं बंद कर म्हणत नाहीये. उलट वेळेवर औषध मिळालं तर माणसं पळतात, पोहतात, संसार करतात. माझं जे झालं ते उशीर झाला म्हणून. एवढंच डोक्यात घे आणि बाकीचं पत्र फेकून दे.

तुमच्याच शहरातल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागे लिहिलाय.

खांब


१५ मार्च

मामा,

आई शिलाईला बसलीय. मी वर गच्चीत आहे. मशीनचा आवाज येतोय तोवर लिहिते.

तुझं काय म्हणणं आहे ते मला माहीत आहे, कारण तुमची भांडणं फोनवर व्हायची तेव्हा मी जिन्यात बसलेली असायचे. आईला वाटतं मला ऐकू येत नाही.

गेल्या आठवड्यात डावा गुडघा फुगला. पडले नाही, मुरगळला नाही, सकाळी उठले तर फुगलेला. सर त्यांच्या हाडवाल्याकडे घेऊन गेले. त्याने सुई घालून पिवळं पाणी काढलं आणि त्याच सुईतून औषध सोडलं. मामा, काय सांगू! दोन दिवसांनी मी अशी पळाले की सर म्हणाले, "कुठे लपवून ठेवला होतास हा वेग?" तो म्हणालाय, निवडीआधी परत दुखलं तर आणखी एक देऊ.

पण खरं सांगायचं तर आता जांघेत दुखतं. आत, खोल. पाय उचलून अडथळ्यावरून नेताना काहीतरी अडकतं, दारात चटई अडकते ना, तसं. बसमधून उतरताना पाय हाताने उचलावा लागतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुलाच.

तुझं सगळ्यात आधी काय दुखलं? जांघेतलं दुखणं कधी आलं? खरं सांग, गोड बोलू नकोस. मला एप्रिलपर्यंत कसंही करून पळायचंय. नंतर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते.

तुझी
भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. तुझ्या आईने मना केलं होतं. पण तू विचारल्यावर गप्प बसणं मला जमायचं नाही.

टाच आधी. मग गुडघा, तुझ्यासारखाच, काही न करता फुगलेला. जांघेतलं दुखणं म्हणजे खुब्याचा सांधा. माझ्या सगळ्या दुखण्यांत मी त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतो. टाच शांत होते, गुडघ्याची सूज उतरते. खुब्यातली गादी एकदा झिजली की परत भरत नाही. मान गेल्यावर मला बसवरून उतरवलं, पण खुबे गेल्यावर मला जमिनीवरून उठता येईना.

सुईने तुला बरं वाटलं, ते खोटं नाही. पण दुखणं म्हणजे भोंगा असतो. तुझ्या सरांनी भोंग्याची वायर काढली आणि गाडी तशीच पळवली. दुसरी सुई घेऊन पळू नकोस.

एप्रिलनंतर येते म्हणतेस. मी पण दर वेळी असंच म्हणायचो. खात्याची परीक्षा झाल्यावर, पक्की नोकरी लागल्यावर, पगार वाढल्यावर. एप्रिलच्या आधी जा. शर्यत पुढच्या वर्षीही असेल.

हे पत्र आईपासून लपवू नकोस. तिला वाचून दाखव. ती ओरडेल. ओरडू दे.

मामा


२४ एप्रिल

धाकट्या,

भिंगरीने तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत. ती वाचत होती आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, गणवेशाची ऑर्डर द्यायला आलेल्या. त्यांच्यासमोर माझी पोरगी मला म्हणाली, "तू मला डॉक्टरकडे नेत नाहीस कारण तुला भीती वाटते." शोभलं का हे?

तू तिला असं काय लिहिलंस की ती रात्रभर रडली? खुबा गेला, जमिनीवरून उठता येईना! शर्यतीच्या तोंडावर पोरीला हे लिहितात?

तरी ती पळाली. आणि निवडली गेली. दुसरी आली. तुझं सगळं खोटं ठरवून आली. सरांनी आधी एक सुई दिली, हो, दिली, आणि काहीही झालं नाही. तिच्या अंगात ते असतं तर ती दुसरी आली असती का?

यापुढे तिला लिहू नकोस. मलाही लिहिलं नाहीस तरी चालेल. तुझ्या घरात तू एकटा आहेस, वेळ जात नाही, मी समजू शकते. पण माझ्या घरात माणसं आहेत.

ताई


१८ ऑगस्ट

धाकट्या,

मध्ये तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. आता सांगते.

जूनमध्ये शिबिराला गेल्यावर तिचं पळणं मंदावलं. सर म्हणाले, आळस करते. मीही फोनवर तेच म्हणाले. जुलैच्या शेवटी परत पाठवली. आली तेव्हा एक डोळा लालभडक, उजेड सहन होईना. मला वाटलं धूळ गेली, डोळे आलेत. थेंब आणले औषधाच्या दुकानातून. उतरेना, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं.

त्याने यंत्रातून बराच वेळ बघितलं. म्हणाला, "हा वरचा लालपणा नाही, आत दाह आहे." मग एकदम विचारतो, "सकाळी अंग आखडतं का? घरात कुणाची पाठ ताठ झालीय?" डोळ्याचा डॉक्टर, आणि पाठीचं विचारतो! माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, आमच्याकडे कुणालाच नाही."

भिंगरी एका डोळ्यावर हात धरून बसली होती. म्हणाली, "माझा मामा. त्याची मान वळत नाही."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलंही नाही. चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर ज्या बाईंचं नाव होतं, त्यांचाच पत्ता तू पाठवला होतास.

तेच आहे. मोठ्या यंत्रात झोपवून फोटो काढला. पाठीच्या तळाशी आहे, दोन्ही टाचांना आहे, गुडघ्याला आहे. उजव्या खुब्यातली गादी बरीच झिजलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील सुरू होऊन. मी विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? म्हणाल्या, "किती वाचलं असतं ते सांगता येत नाही. काहीतरी नक्की वाचलं असतं." पुढे कधीतरी तो खुबा बदलावा लागेल. आता इंजेक्शनं सुरू होतील, त्याने बाकीचे सांधे वाचतील, असं त्यांना वाटतं. पोहायला हरकत नाही, चालायला हरकत नाही. अडथळ्यांवरून उड्या नाहीत.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. सांगितलं होतंस. पण असं कुणी सांगतं? टोमणे मारत, पत्रातून? तू माझा भाऊ ना? इतकी खात्री होती तर यायचं होतंस. दारात बसून राहायचं होतंस. माझ्या हातून पोरगी ओढून न्यायची होतीस. मी येऊ नको म्हणाले आणि तू खरंच आला नाहीस.

ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, ती उचलून वर घेऊन जाते. तुझं ती ऐकेल. तिला एवढंच लिही की हे कुणालाच आधी कळलं नसतं. आईच्या हातात काही नव्हतं. तू लिहिलंस तर तिला पटेल.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून मी डेपोच्या मागच्या बाकावर बसून राहिलो. तिथून गाड्या दिसत नाहीत म्हणून लोक तिथे बसत नाहीत. मला तसाही समोरच्याखेरीज काही दिसत नाही.

ते मी लिहिणार नाही. कुणालाच कळलं नसतं, हे वाक्य माझ्या हातून उतरायचं नाही. तिने मला मार्चमध्ये स्वतः लिहिलं होतं, पाय हाताने उचलावा लागतो म्हणून. म्हणजे तिला कळलं होतं. मला कळलं होतं. तिला आता मी सांगू की कळलं नव्हतं? मला सगळे असंच सांगायचे. दुखत नाहीये, कामाचा कंटाळा आहे. बाबा सांगायचे, तू सांगायचीस. मी ते खरं मानायचो, म्हणून तर उशीर झाला. तिला तरी स्वतःच्या अंगावर विश्वास राहू दे. तिच्याकडे आता तेवढंच उरलंय.

मी यायला हवं होतं म्हणतेस. येऊ नकोस म्हणालीस, मी आलो नाही. लिहू नकोस म्हणालीस, थांबलो. फोन केले, उचलले नाहीस. आता मी आणखी काय करायला हवं होतं तेही मीच शोधू?

मला बरोबर ठरायचं नव्हतं, ताई. देवाशपथ सांगतो, एप्रिलमध्ये तू लिहिलंस की ती दुसरी आली, तेव्हा मी खुश झालो. वाटलं, चुकलो वाटतं. सगळ्या डेपोला चहा पाजला.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मी येतोय. तू हो म्हण किंवा नाही म्हण. तिच्या शेजारी बसेन आणि गप्प राहीन. तुला आवडत नसेल तर तू दुकानात थांब.

खांब


११ डिसेंबर

मामा,

तू गेल्यावर आणखी बरीच इंजेक्शनं झाली. आता मी स्वतःच टोचून घेते, पोटाला चिमटीत धरून. आई तेवढ्यापुरती खोलीबाहेर जाते.

सकाळचं सांगते. मी आता जिना सरळ उतरते. कठडा न धरता. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी खाली पोचून परत वर गेले आणि परत उतरले. गुडघा रिकामा आहे, बोट बुटात मावतं. डोळा साफ. खुबा मात्र खुबाच आहे. मांडी घालता येत नाही, पायाची नखं कापताना तुझी आठवण येते. पोहायला जाते. पाण्यात मला कुणी लंगडी म्हणत नाही.

सर एकदा आले होते. म्हणाले, मैदानावर ये, मुलींच्या वेळा टिपायला कुणीतरी हवंच आहे. घड्याळ हातात देत होते. मी म्हटलं, ज्या मुलींना तुम्ही सुया देता त्यांची नावं टिपू का? चहा न घेता गेले. आईला वाईट वाटलं. माझ्यामुळे नाही, चहा वाया गेला म्हणून.

मी आईशी बोलते आता. मीठ दे, शटर लाव, मी येते, इतकं. तू म्हणालास, तिला वेळ दे. देत होते. पण काल काय झालं ते ऐक.

त्या मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या, नव्या मापांसाठी. मी आत कापडाच्या गठ्ठ्यांमागे होते. त्यांनी विचारलं, "मुलगी पळते का अजून?" आई म्हणाली, "कसली पळते. शिबिरात शर्यतीत पडली ना, खुब्याला मार बसला. नशीब एकेकाचं." मशीन चालूच होती, हातसुद्धा अडखळला नाही. मग मला आठवलं, दूधवाला परवा म्हणाला होता, "पडल्यावर जपायचं असतं बाळ." आणि समोरची काकू. आणि बाबांच्या ऑफिसातले. सगळ्या गल्लीला तिने तेच सांगितलंय, मामा. किती महिन्यांपासून कोण जाणे.

मी बाहेर आले. लंगडतच आले, लपवलं नाही. बाईंना म्हणाले, "मी कधीच पडले नाही. एकदाही नाही. मला मणक्याचा संधिवात आहे, माझ्या मामालाही आहे. मामाने सांगितलं होतं, आईने ऐकलं नाही."

बाईंनी आधी माझ्या पायाकडे बघितलं. मग आईकडे बघितलं.

आईने मान वर केली नाही. बाही जोडत होती, ती जोडून संपवली, दोरा दाताने तोडला आणि बाईंना म्हणाली, "छातीचं माप गेल्या वर्षीचंच ठेवू ना?"

तुझी
भिंगरी